सोनाबाईची म्हैस आणि माझं पाठ केलेलं वाक्य

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, ‘आजी, तुम्ही रोज संध्याकाळी जीव न घेण्याचं शील म्हणायचात आणि रविवारी मटण खायचात, हे कसं काय?’ मागे तुझा भाऊ मैत्रेय हसला, मलाही हसू आलं आणि ‘नेट नीट येत नाहीये’ म्हणून मी वेळ मारून नेली. नेट नीट येत होतं. उत्तर तयार नव्हतं, आणि तयारी नसताना बोलायचं नाही ही माझी जुनी खोड तुम्हा दोघांना माहीत आहे. आता वहीला समास आखून बसले आहे. उत्तर सापडेलच असं नाही. पण तुझ्याएवढी असताना हाच प्रश्न मी माझ्या आजोबांना विचारला होता, तेव्हा त्यांच्याबद्दल आणि एका म्हशीबद्दल सांगते.

आमचं घर सातपूरच्या पलीकडे, गावाच्या खालच्या अंगाला होतं. आज तिथून कारखान्याची लांबच लांब भिंत गेली आहे. तेव्हा कारखान्यांची नुसती जमीन आखून झाली होती, खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्या खुंट्यांमधून शेळ्या चरत होत्या. घरात आम्ही चौघं. आबा म्हणजे माझे आजोबा, दादा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. सकाळ उजाडायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. त्या पाठोपाठ आबांचा खोकला, मग दादा सायकलचं चाक उलटं फिरवून चेनला तेल द्यायचे त्याची खरखर. दादा शहरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. ते रोज सायकलने जात आणि मी एस.टी.ने शहरातल्या इंग्रजी शाळेत जात असे. वस्तीतून त्या शाळेत जाणारी मी एकटी, त्यामुळे माझा गणवेश आई तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. जेवायला बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी, नाहीतर कुळथाची शेंगोळी. सुकट भाजली की तिचा वास शाळेच्या दप्तरात जाऊ नये म्हणून मी दप्तर अंगणातल्या तारेला टांगत असे. रविवारी काळ्या मसाल्यातलं मटण. आणि रोज दिवेलागणीला आम्ही चौघं ओळीने बसून पंचशील म्हणायचो. त्यातलं पहिलंच शील प्राण्यांचा जीव न घेण्याचं.

एका रविवारी मी आबांना विचारलं, ‘मग हे मटण?’ आबांनी हाडातला मगज ठोकून काढला, सावकाश खाल्ला आणि म्हणाले, “पोरी, शील सोपं असतं तर एकदाच म्हणून सोडून दिलं असतं. रोज म्हणायला लागलं नसतं.” तेव्हा मला ही पळवाट वाटली. आजही थोडीशी वाटते.

आता जे सांगते ते तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल. गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या लोकांवर होतं. सांगावा आला की जायचं, गोठ्यातून मढं बाहेर काढायचं, शिवाराबाहेर न्यायचं, कातडं सोलायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. आबांची उमेद त्यातच गेली. मग आमचे लोक बौद्ध झाले आणि ज्या दिवशी आबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी ओढण्याचा दोर नासर्डी नदीत सोडून दिला. पुढे दोनेक वर्षं गावाने रुसून पाहिलं, धमकावून पाहिलं, विहिरीचं पाणी तोडून पाहिलं. आबा बधले नाहीत. कारखान्याच्या जागेवर राखणीचं काम मिळालं, खाकी सदरा मिळाला, आणि तो सदरा घालून ते गावातून सरळ मधल्या रस्त्याने जायचे.

तरी अधूनमधून कुणीतरी येऊन बघायचंच. आबा घरी नसताना कुणी आलं तर काय बोलायचं, ते दादांनी मला शिकवून ठेवलं होतं. दारात उभं राहायचं, मान खाली घालायची नाही आणि म्हणायचं, ‘आमच्या घरी आता हे काम होत नाही. तुम्ही तुमची सोय बघा.’ दोन वाक्यं, मध्ये थांबायचं नाही, आणि पुढे एक शब्दही बोलायचा किंवा ऐकायचा नाही. “एकदा ऐकायला लागलीस की तू मऊ पडणार,” दादा म्हणायचे. त्यांनी ते माझ्याकडून कवितेसारखं पाठ करून घेतलं होतं. आई त्या वेळी चुलीपाशी बसून नुसती बघत असे.

तर ती दिवाळीची सुट्टी होती. दिवाळी होऊन गेलेली, आई नासर्डीवर धुणं घेऊन गेली होती, दादा कचेरीत आणि आबा राखणीवर. मी ओसरीवर इंग्रजी निबंध लिहीत बसले होते. अंगणाच्या कडेला सोनाबाई येऊन उभी राहिली. सोनाबाई म्हणजे वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची बायको, तिशीतली, धिप्पाड. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. तिला काय हाक मारायची हे आमच्यात ठरलेलंच नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

“थोरले बाबा हायती का घरात?” तिने लांबूनच विचारलं.

“नाहीत.”

“आमची म्हैस... परवा व्यायली, आन् पहाटपासून...”

मी उठले. दारात उभी राहिले. मान खाली घातली नाही.

“आमच्या घरी आता हे काम होत नाही. तुम्ही तुमची सोय बघा.”

“अगं, पर माझं आईक तरी...”

मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली. परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न यावा तसा आनंद झाला होता. फटीतून पाहिलं तर ती बराच वेळ तिथेच उभी होती. मग पदराने तोंड पुसत निघून गेली.

साडेअकराला आबा जेवायला आले. आईही तोवर आली होती. आबांनी भाकरी मोडली आणि मी माझा पराक्रम सांगायला सुरुवात केली. कशी उभी राहिले, कसं म्हटलं, कडी कशी घातली. आई म्हणाली, “बापाची बेटी आहे.” आबांचा घास मात्र हातातच राहिला.

“कोण आलं व्हतं?”

“सोनाबाई.”

“गडी नव्हता संगं?”

“नाही. एकटीच.”

“सोनाबाई सोता आली?” आबांनी घास खाली ठेवला. “मढं उचलायचा सांगावा घेऊन बाई माणूस येत नाय, पोरी. गडी येतो. लांबनं वरडतो आन् जातो. इतक्या वर्षांत एक बाई आली नाय त्या कामाला. काय म्हनत व्हती?”

“म्हैस परवा व्यायली म्हणाली. पहाटेपासून... पुढचं मी ऐकलं नाही.”

आबा उठलेच. हात धुतला न धुतला, खाकी सदरा घातला. आई दारात आडवी आली. “कुठं निघालात? इतकी वर्षं नाही म्हणालात, ते आज तुमच्या पायांनी त्यांच्या गोठ्यात जाणार? आणि समजा तिथं गेल्यावर मेली, तर? सगळं गाव जमलेलं असेल. तुम्ही उभे, पुढ्यात मढं. कुणाकडं बघतील सगळे?”

हे खरं होतं. आबांनाही ते दिसत होतं.

“जिती हाय तवर हात लावीन,” ते म्हणाले. “मेली तर हात काढून घेईन आन् माघारी येईन. त्याला कुनाचा बाप आडवू शकत नाय. चल गं पोरी.”

मला का नेलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी त्यांच्या मागून जवळजवळ पळत होते आणि मनात हिशेब चालला होता: नऊला ती आली, आता पावणेबारा. पावणेतीन तास. मी दार लावून घेतलं तेव्हा ती म्हैस काय करत होती? तो हिशेब मला अजून जसाच्या तसा आठवतो. इतक्या वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी बरोबर वागून केलेली चूक हीच एक.

गोठ्यात सात-आठ माणसं होती. म्हैस आडवी पडली होती, पाय ताठ, मान वळून कुशीला टेकलेली. कोपऱ्यात दोन दिवसांचं रेडकू खुंट्याला ओढ घेत ओरडत होतं. त्याचा आवाज बसत चालला होता. सोनाबाईची सासू खाटेवर बसून सांगत होती, “कवाची गेली ती. थंडगार पडलीया. ऊन चढायच्या आत बाहेर काढा, न्हाईतर वास सुटंल.” एक जण बाटलीत गूळपाणी घेऊन म्हशीचा जबडा उघडायला बघत होता, म्हणजे निदान एकाला तरी आशा होती. सोनाबाईचा नवरा मढं ओढायला मजूर आणायला पेठ गावाकडे गेलेला. आबांना पाहताच सोनाबाई पुढे झाली.

“बाबा, हे समदे म्हनत्यात गेली. मला न्हाई वाटत. मेलेली का जिती हे तुमच्यावानी कुनाला कळनार? म्हून आले व्हते.” मग तिची नजर माझ्याकडे गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे ती हे विचारायला आली होती. साऱ्या गावात मेलेल्या जनावरांना सर्वांत जास्त ओळखणारा माणूस कोण, तर माझे आबा. त्यांनी येऊन सांगावं की ही अजून मेलेली नाही.

आबा गुडघ्यावर बसले. आधी गूळपाण्याची बाटली बाजूला सारली. “घशात काय बी घालू नका. गिळता येत नाय तिला. फुफ्फुसात जाईल, मग खरंच मरंल.” कान हातात धरून पाहिले. नाकपुडीशी गाल नेला. मग एक बोट ओलं करून अलगद तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावलं. काही झालं नाही. सासू म्हणाली, “सांगत व्हते.” आबांनी मान वर केली नाही. पुन्हा बोट लावलं आणि तसंच ठेवलं. आम्ही सगळे त्या डोळ्याकडे बघत होतो. काळा, मोठा, धूळ बसलेला डोळा. आणि मग पापणी हलली. अगदी सावकाश, झोपेतल्या माणसाने अंगावरचं पांघरूण ओढावं तशी.

“जिती हाय,” आबा म्हणाले.

सोनाबाई धावत जाऊन म्हशीच्या डोक्याशी बसली.

पुढे आबांनी सगळ्यांना कामाला लावलं. धान्याची पोती आणवली, चौघांनी मिळून म्हशीला आडवीची छातीवर बसती केली आणि दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेकू दिला. “आडवी ऱ्हायली तर पोट फुगून मरंल.” मग माझ्याकडे वळले. “शहरात गुरांचा दवाखाना हाय, त्र्यंबक रस्त्याला. सायकल घे यांची. डाक्टरला चार गोष्टी सांग. परवा व्यायली. कान गार. मान वळून कुशीला. डोळ्याला बोट लावलं तर पापनी हलती पर उशिरा. दुसरं काय बोलू नको, ह्येच सांग.”

सायकल मोठ्या माणसाची होती. सीटवर बसून पाय पोचेनात, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत निघाले. चार-पाच मैल. वाटेत चार गोष्टी मोठ्याने म्हणत होते. परवा व्यायली, कान गार. समोरून येणारे एक गृहस्थ सायकलवरून उतरून माझ्याकडे बघत राहिले.

दवाखान्यात कंपाउंडर दाराशी स्टूल टाकून बसला होता. “जेवणाची सुट्टी आहे. आणि म्हैस कुणाची? तुझ्या वडिलांची?”

“नाही.”

“मग मालकाला पाठव. अशी कुणाच्याही म्हशीसाठी कुणीही पोरं यायला लागली तर झालंच.”

मी त्याच्या डोक्यावरून आत ओरडले. चारही गोष्टी, क्रमाने, शाळेत कविता म्हणतात तशा. आत डॉक्टर डबा उघडून बसले होते, पुढ्यात पोळी आणि वांग्याची भाजी. ‘मान वळून कुशीला’ इथपर्यंत आल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

“पापणीचं कुणी पाहिलं?”

“माझ्या आजोबांनी.”

“ते काय करतात?”

मी अडखळले. मग म्हणाले, “राखणीला आहेत.”

“बरं. नुसतं राखणीलाच नसावेत,” डॉक्टर म्हणाले आणि कपाटातून दोन बाटल्या काढून पिशवीत घातल्या. त्यांची फटफटी मला मागे टाकून धुरळा उडवत निघून गेली. मी परत कैची मारत निघाले. जाताना भीती वाटली नव्हती, येताना वाटत होती. जाताना हातात काम होतं. येताना नुसतं पोचायचं होतं, आणि पोचल्यावर काय दिसणार ते ठरून गेलेलं असणार होतं.

पोचले तेव्हा डॉक्टरांनी म्हशीच्या मानेतल्या शिरेत सुई घातली होती, नळीला बाटली लावलेली, आणि ती बाटली आबांनी उंच धरली होती. बाटली आधी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली. सोनाबाईने अजून ते पातेलं तसंच हातात धरलं होतं. “एकदम नको, सावकाश,” डॉक्टर सांगत होते. विण्यानंतर सगळी ताकद दुधात उतरते, अंगातलं कॅल्शियम कमी पडतं, मग जनावर असं मेल्यासारखं पडतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की बाटलीतलं पाणी खाली उतरतंय आणि म्हैस तशीच आहे.

आधी तिच्या खांद्याची कातडी थरथरली. मग मांडीची. मग तिने एक लांबलचक ढेकर दिली, इतकी मोठी की रेडकू ओरडायचं थांबलं. आणि मग, तुम्ही दोघं हसाल, तिने शेण टाकलं. चांगलं भरघोस. डॉक्टर मोठ्याने ‘वा!’ म्हणाले. शेणाला कुणी ‘वा’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळे हसायला लागले, सोनाबाई हसता हसता रडायला लागली. सासू खाटेवरून म्हणाली, “मेली म्हनत व्हते मी. हातानं बघितलं व्हतं, थंडगार.”

आबा म्हणाले, “म्हातारे, उद्या तू दुपारची झोपलीस की मी येतो. डोळ्याला बोट लावून बघतो, मगच रडायला सांगतो सुनंला.”

सगळ्यांचे डोळे म्हातारीकडे वळले. आमच्यातल्या माणसाने वरच्या आळीतल्या म्हातारीला असं बोलणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मग म्हातारीच खदखदून हसली. “ये बाबा, ये. पर बोट धुऊन ये.”

अर्ध्या तासाने म्हैस उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे, मध्ये एकदा कोसळते की काय असं झालं, चार हात धावले, पण ती उभी राहिली. सोनाबाईने रेडकू सोडलं. ते धडपडत आचळांना जाऊन भिडलं आणि ढुशा द्यायला लागलं. सोनाबाई म्हणाली, “बाबा, उद्याच्याला चिकाचा खरवस घेऊन येते पोरीला.” माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आबा म्हणाले, “अजिबात नाय. दोन दिस कास रिकामी करायची नाय, न्हाईतर परत पडंल. हाय ते ह्या पिल्लाचं हाय.” डॉक्टरांनी मान हलवली. तर त्या वर्षी मला खरवस मिळाला नाही.

चहा आला. डॉक्टरांना आणि आबांना सारखेच कप होते. मी ते पाहिलं. त्या वयात मी आधी तेच पाहायचे. चहा पिऊन आबा उठले आणि गोठ्याबाहेर पडले. त्या आळीतल्या कितीतरी गोठ्यांत ते आयुष्यभर गेले होते आणि दर वेळी मागे काहीतरी ओढत बाहेर आले होते. आज हात मोकळे होते. वाटेत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि फिरायला निघालेल्या साहेबासारखे चालू लागले.

“आबा, माझ्यामुळे तीन तास गेले,” मी म्हणाले. ते मला बोलायचंच होतं.

“गेले,” ते म्हणाले. खोटं समाधान केलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “वाक्य बराबर व्हतं तुझं. पर आधी समोरच्याचं पुरं होऊ द्यायचं. मेलंय का जितं, येवढं तरी इचारायचं.”

संध्याकाळी दादा आले आणि त्यांना वस्तीच्या तोंडालाच सगळं कळलं होतं. सायकल भिंतीला आपटून ते आत आले. “मी पोरीला शिकवतो आणि तुम्ही मोडता? उद्या पुन्हा रांग लागेल दाराशी. आज जिवंत दाखवायला येतील, परवा मेलेलं उचलायला बोलावतील.”

“बोलावतील. मी नाय म्हनीन,” आबा म्हणाले. “त्या लोकांनी आपल्याला काय केलं ते मला तुझ्यापरीस जास्त ठावं हाय. पर म्हशीनं काय केलं व्हतं रं? तिनं कधी आपल्याला येशीबाहीर ठेवलं?”

दादांनी बाहेर जाऊन सायकल सरळ उभी केली आणि हातपाय धुतले. पंचशील म्हणायला बसलो तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यापेक्षा बारीक होता.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, हे मला दिसतं आहे. आम्ही त्याच्या पुढच्या रविवारी मटण खाल्लं. मी पुढे पन्नाशीनंतर सोडलं, तेही कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आणि जे खातात त्यांच्या ताटात मी बघत नाही. मला एवढंच सांगता येतं की जनावरावर दया करणं हा आमच्या घरी मोठेपणा नव्हता. ज्यांना माणसांनीच जनावराच्याही खाली ठेवलं होतं, त्यांनी त्या दिवशी एका जनावराला आपल्या आणि गावाच्या भांडणातून बाजूला काढलं. आबांना ते जमलं. मला जमलं नव्हतं, आणि तरी म्हैस वाचली, हे माझं नशीब. नसती वाचली तर मी हे प्रकरण लिहिलं असतं का, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनाबाईच्या गोठ्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बांधावरून हिरवं गवत कापून नेलं आणि म्हशीपुढे टाकलं. सोनाबाई ‘ये’ही म्हणाली नाही आणि ‘जा’ही म्हणाली नाही, नुसती पाटी पुढे सरकवली. मी गवताच्या जुड्या सोडत असताना रस्त्यावर सायकलची ओळखीची खरखर ऐकू आली. दादा. कचेरीला जायचा त्यांचा रस्ता तो नव्हता. त्या आळीतून ते कधी जातच नसत.

ते कुंपणापाशी उतरले. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. म्हशीकडे बघत राहिले, बराच वेळ. मग मला विचारलं, “रवंथ करते का?”

“करते.”

“पिल्लू पितं?”

“पितं.”

त्यांनी मान डोलावली. तरी निघेनात. म्हैस शांतपणे जबडा हलवत होती, रेडकू पोटाखाली लुचत होतं, आणि दादा इस्त्रीच्या सदऱ्यात कुंपणाला हात टेकून उभे होते. शेवटी सोनाबाईनेच त्यांना, “साहेब, कचेरी न्हाई का आज?” म्हणून विचारलं, तेव्हा ते दचकले आणि सायकलवर बसले. त्या दिवशी त्यांना कचेरीत पोचायला चांगलाच उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं असणारच. त्यांनी काय सांगितलं, ते मात्र त्यांनी आम्हाला कधीच कळू दिलं नाही.